हाडूक : दात आणि आतडं यांच्यातला सौदा

‘हाड!’ म्हटलं की कुत्रं शेपूट घालून पळतं, आणि हाड दाखवलं की तेच कुत्रं शेपूट हलवत परत येतं. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ जुळले कसे, ते भाषेच्या जाणकारांनी सांगावं. पाळीव कुत्र्याला हाड द्यावं का, या प्रश्नाचं उत्तरही असंच दुहेरी मिळतं. बरेच पशुवैद्य ‘नकोच’ म्हणतात. काही ‘कच्चं असेल तर द्या’ म्हणतात. गावाकडचे काका ‘आमची कुत्री जन्मभर हाडंच चघळत आली, एकाला काही झालं नाही’ असं सांगून विषय संपवतात. तिघांशीही वाद घालण्यात अर्थ नाही, कारण तिघांच्या डोळ्यांसमोर तीन वेगळी हाडं असतात. शिजलेलं की कच्चं, नळीचं की सांध्याचं, बोटाएवढं की थोबाडाएवढं, हे ठरल्याशिवाय नुसत्या ‘हाड’ शब्दावर चर्चा पुढे जात नाही.

परदेशी पुस्तकांत आणि पाकिटांवर ज्याला ‘बीफ बोन’ म्हणतात, ते आपल्याकडे नेमकं कोणतं हाड, हेही आधी सांगायला हवं. महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे, त्यामुळे इथे मोठ्याचं हाड म्हणजे म्हशीचं किंवा रेड्याचं. गोव्यात गायीची कत्तल १९७८च्या कायद्याने बंद झाली, पण बैलाच्या मांसावर तशी सरसकट बंदी नाही. मेलबर्नला किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्या मराठी घरातला लॅब्रॅडॉर मात्र सुपरमार्केटच्या थंड कपाटातलं बैलाचं हाड चघळत असतो. दात आणि आतड्यांच्या दृष्टीने म्हैस आणि बैल यांत फार फरक पडत नाही, म्हणून पुढचं विवेचन दोन्हींना लागू आहे. बोकडाची नळी आणि कोंबडीची तंगडी मधूनमधून येतील, कारण बहुतेक मराठी घरांत कुत्र्यापुढे पडतात ती हीच हाडं.

कूड आणि माती

वाळलेल्या हाडाच्या वजनात साधारण दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या या खनिजाला हायड्रॉक्सिॲपेटाइट म्हणतात. उरलेला भाग मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचा. कोकणातल्या जुन्या घराचा कूड ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही रचना लगेच कळेल. कारवीच्या काठ्यांचं विणकाम आणि त्यावर लिंपलेली माती, असा तो मामला असतो. माती दाब सोसते. काठ्या वाक आणि ताण सोसतात. दोन्ही एकत्र आहेत तोवर भिंत उभी.

हे घरी पडताळून बघता येतं. कोंबडीच्या तंगडीचं साफ केलेलं हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचं आणि दर दिवसाआड व्हिनेगर बदलायचं. पाचसहा दिवसांत आम्लाने खनिज विरघळून जातं आणि हाड रबरासारखं वाकतं. तसंच दुसरं हाड निखाऱ्यांत टाकलं, तर त्यातलं प्रथिन जळून जातं. हाताला येतो तो पांढरा, खडूसारखा तुकडा, जो चिमटीत दाबला की भुगा होतो. पहिल्या हाडात नुसता कूड उरला, दुसऱ्यात नुसती माती.

स्वयंपाकघरात जे होतं ते या दोहोंच्या मधलं. पायाचं सूप रात्री फ्रीजमध्ये ठेवलं तर सकाळी ते थिजून थरथरत असतं. ही थिजलेली जेली म्हणजे पाण्यात उतरलेलं कोलॅजेन. उकळताना त्याचे तंतू सुटतात आणि त्याचं जिलेटिन होतं. म्हणजे सूप जितकं छान थिजतं तितकं मागे राहिलेलं हाड दुबळं झालेलं असतं. दिसायला तेच, पण भिंतीतल्या काठ्या काढून घेतलेल्या. असं हाड दातांत मोडलं की त्याच्या लांब, तिरक्या चिरफळ्या निघतात. कोंबडीच्या हाडाची भिंत पातळ, त्यामुळे त्याचं टोक बोरूसारखं निघतं. तंदुरी कोंबडीचं तर आणखी वाईट, कारण ते भाजताना सुकलेलंही असतं. कच्च्या हाडालाही कोपरे येतात, नाही असं नाही. पण त्यातले तंतू शाबूत असल्यामुळे ते चिरफळण्याऐवजी बऱ्याचदा झिजतं, कुरतडलं जातं.

‘आम्ही कुकरला दहा शिट्ट्या काढतो, हाड मऊ होतं’ असं सांगणारे भेटतात. कोंबडीच्या बाबतीत हे खरं होऊ शकतं. बराच वेळ दाबाखाली शिजलेलं हाड बोटांत ओल्या खडूसारखं चुरतं, आणि चुरलेलं हाड टोचत नाही. पण बोकडाची नळी दहा शिट्ट्यांना दाद देत नाही, आणि म्हशीचं हाड तर घरगुती कुकरमध्ये मावलं तरी पुष्कळ झालं. अर्धवट शिजलेलं हाड सगळ्यात धोक्याचं. ज्याचा बोटांनी पूर्ण चुरा होत नाही असं कोणतंही शिजलेलं हाड कुत्र्याला द्यायचं नाही, हा या लेखातला एकमेव बिनअपवाद नियम.

दुकानात मिळणारी भाजलेली, धुरी दिलेली, रंगवलेली हाडंही याच वर्गातली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये अशा पाकीटबंद हाडांविरुद्ध जाहीर इशारा दिला. नोव्हेंबर २०१० ते सप्टेंबर २०१७ या काळात त्यांच्याकडे सुमारे ६८ तक्रारी आल्या होत्या. त्यांत ९०च्या आसपास कुत्री आजारी पडलेली होती आणि १५ दगावलेली. हे आकडे लोकांनी आपण होऊन कळवलेले आहेत. कळवलं नाही असं कितीतरी असेल, आणि किती कुत्र्यांनी तीच हाडं निवांत खाल्ली तेही यातून कळत नाही. त्यामुळे ‘शंभरात किती’ असा हिशेब यावर मांडता येत नाही. धोका कसला, एवढं मात्र नीट कळतं : घशात अडकणं, आतडं तुंबणं, तोंडात जखमा, ओकारी, रक्त पडणं.

शिजलेल्या हाडाबद्दल आणखी एक गोष्ट परदेशी पुस्तकांत सहसा नसते, कारण ती आपल्या रश्शात आहे. रविवारच्या मटणाची नळी ताटातून कुत्र्यापुढे जाते तेव्हा तिच्यासोबत कांदा आणि लसूणही जातो. या दोन्हींतल्या गंधकयुक्त द्रव्यांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवून, वाळवून किंवा पूड करून ही विषारी शक्ती जात नाही. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा हानी करायला पुरतो. पाच किलोच्या पॉमेरेनियनचा हिशेब एका मध्यम कांद्याशी संपतो. लसूण त्याहूनही कमी पुरतो. एका चाटण्याने काही होणार नाही, हे कबूल. पण कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला म्हणजे याच दोन गोष्टींचा वाळवलेला अर्क, आणि दर रविवारचा चाटवण्याचा शिरस्ता वेगळा. लक्षणं लगेच दिसत नाहीत. दोनचार दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद होते, आणि तोवर रविवारचं मटण कुणाच्या ध्यानातही नसतं.

अडकित्त्यातली गारगोटी

मोठ्या कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात. त्यांतले वरच्या जबड्यातली चौथी उपदाढ आणि खालच्या जबड्यातली पहिली दाढ हे मांस कातरायचे दात. दोन्ही बाजूंना एकेक जोडी. आपला जबडा आडवा फिरतो, म्हणून आपण दळतो. कुत्र्याचा जबडा जवळजवळ सरळ वरखाली चालतो आणि ही जोडी एकमेकींना घासून जाते, हुबेहूब अडकित्त्याच्या पात्यांसारखी. हाड कडेने दाढेत धरून, मान तिरकी करून, डोळे अर्धवट मिटून चावणारं कुत्रं आठवा. तो सगळा जोर या एका जोडीवर असतो.

अडकित्ता सुपारीसाठी असतो. त्यात गारगोटी धरली तर पातं जाणार. म्हशीच्या मांडीच्या हाडाची नळी ही अशी गारगोटी आहे. पाचसहाशे किलोचं धूड पेलण्यासाठी बनलेली तिची भिंत घट्ट आणि जाड असते. खनिजाच्या काठिण्याच्या मोजपट्टीवर हाडातलं खनिज आणि दातावरचं इनॅमल एकाच पायरीवर बसतात, कारण दोन्ही मुळात हायड्रॉक्सिॲपेटाइटच. त्यात कुत्र्याचं इनॅमल बहुतेक जागी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. माणसाच्या दाढेवर ते अडीच मिलिमीटरपर्यंत असतं. मग नळीवर जोर पडताना वरच्या चौथ्या उपदाढेची बाहेरची बाजू पापुद्र्यासारखी सुटून येते. पशुदंतवैद्यांच्या रोजच्या कामातली ही ठरलेली जखम आहे.

आमच्या घरी अकरा वर्षं राहिलेल्या कुत्रीची डावी वरची उपदाढ अशीच टवका उडून गेली होती. म्हशीच्या मांडीचा हातभर तुकडा मीच हौसेने आणला होता. ती जेवत राहिली, खेळत राहिली, फक्त चावायला उजवी बाजू वापरू लागली, आणि ते घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. काही महिन्यांनी डाव्या डोळ्याखाली सूज आली. आम्हाला वाटलं गांधीलमाशी चावली असावी. त्या उपदाढेची मुळं बरोबर डोळ्याखाली पोचतात आणि तिथे पू झाला की गाल सुजतो, हे शहाणपण दात काढून झाल्यावर आलं. कुत्रं दुखणं बोलून दाखवत नाही, आणि दात दुखतो म्हणून जेवण सोडणारं कुत्रं विरळा.

पशुदंतवैद्य यावर एक साधी कसोटी सांगतात. कुत्र्याला चघळायला द्यायची वस्तू आपल्या गुडघ्यावर मारून बघावी. लागलं तर ती द्यायची नाही. दुसरी कसोटी नखाची : नख दाबल्यावर खूण उमटली पाहिजे. या दोन्हींत म्हशीच्या मांडीची नळी, हरणाचं शिंग, खूर आणि याकच्या दुधाच्या कडक वड्या सगळेच नापास होतात. शेवटच्या दोन गोष्टी शहरी दुकानांत ‘नैसर्गिक’ म्हणून भलत्या भावाने विकल्या जातात.

‘नैसर्गिक’ या शब्दाचाही समाचार घ्यायला हवा. लांडगे हाडं खातात, कुत्रा लांडग्याचा वंशज, म्हणून हाड हेच त्याचं खरं अन्न, अशी मांडणी ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी १९९३च्या आपल्या पुस्तकात केली आणि कच्च्या आहाराची चळवळ त्यातून वाढली. त्यातला निम्मा भाग खरा आहे. पण १९८८ मध्ये ब्लेअर व्हॅन व्हाल्केनबर्ग या शास्त्रज्ञ बाईंनी मोठ्या मांसाहारी वन्य प्राण्यांच्या कवट्या तपासल्या. सरासरी सुमारे चौथ्या हिश्श्याच्या प्राण्यांत निदान एक दात तुटलेला आढळला, आणि हाडं फोडणाऱ्या तरसांत हे प्रमाण सगळ्यात जास्त होतं. म्हणजे निसर्गातही हाडाची किंमत दाताने मोजावी लागते. लांडग्याला ती परवडते, कारण रानात तो फार जगत नाही. आपल्या कुत्र्याने बाराचौदा वर्षं काढावीत अशी आपली इच्छा असते. शिवाय माणसाजवळ राहून कुत्रा आतून बदललेला आहे. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या त्याच्याकडे लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त प्रती असतात, असं २०१३ मध्ये दाखवलं गेलं. धनगराचं कुत्रं भाकरीवर राखण करतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

इतकं सगळं असताना कच्च्या हाडाच्या बाजूने पुरावा काय? आहे, आणि तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये आठ बीगल कुत्र्यांना रोज बैलाच्या मांडीच्या कच्च्या हाडाचा तुकडा दिला; काहींना घट्ट नळीचा, काहींना टोकाकडच्या सच्छिद्र भागाचा. तीन आठवड्यांच्या आत दोन्ही गटांतल्या कुत्र्यांच्या दातांवरचं बहुतेक कीटण निघून गेलं आणि त्या काळात कुणाचा दात तुटला नाही. ब्रश न लावता हे घडणं लहान गोष्ट नाही. पण आठ कुत्री आणि तीन आठवडे एवढ्याच भांडवलावर ‘नळी सुरक्षित आहे’ म्हणता येत नाही. दात तुटणं ही वर्षभरात एकदा घडणारी गोष्ट असू शकते. दुसरं, कीटण दिसतं दातावर आणि दात हलवणारा आजार असतो हिरडीच्या आत. तिथे हाड पोचत नाही.

घशाखाली

दाताला त्रास न देणारं हाड हवं, तर ते मऊ हवं. इथेच खरी अडचण सुरू होते. मांडीच्या हाडाचं गुडघ्याकडचं गोळ्यासारखं टोक आतून जाळीदार असतं, त्यावर कुर्चेचं आवरण असतं, दात त्यात रुततात. दाढा वाचतात. पण जे कुरतडता येतं ते तोडताही येतं आणि तोडलेलं गिळताही येतं. नळी कुणी गिळत नाही. ती दात तोडते. सांधा दात तोडत नाही. त्याचे तुकडे पोटात जातात. दाताला जे हाड सोसतं ते आतड्याला सोसेलच असं नाही, आणि आतड्याला जे बिनघोर वाटतं ते दाताच्या मुळावर येतं. ‘पूर्ण सुरक्षित हाड’ सांगा, असा आग्रह धरणाऱ्याला म्हणूनच कुणी सरळ उत्तर देऊ शकत नाही. इथे सौदाच करावा लागतो.

गिळलेला तुकडा अडकतो कुठे, तेही जवळजवळ ठरलेलं आहे. अन्ननलिका छातीत शिरते तिथे, हृदयाच्या वरच्या बाजूशी, आणि छाती-पोटामधल्या पडद्याच्या जरा अलीकडे तिला फुगायला जागा कमी मिळते. अडकलेलं हाड बहुधा यांपैकीच एका जागी सापडतं, आणि लहान जातीच्या कुत्र्यांत जास्त, कारण हाड तेवढंच पण अन्ननलिका अरुंद. अशा वेळी कुत्रं सारखं गिळल्यासारखं करतं, लाळ गाळतं, मान लांब करून उभं राहतं, पाणी प्यायलं की लगेच बाहेर येतं. माणसाला माशाचा काटा अडकला की आपण भाताचा गोळा किंवा केळं देतो. कुत्र्याला तसं काही भरवू नका, वरून दाब आला की हाड भिंतीत आणखी रुततं. ओकारीही काढायची नाही, परत येताना टोक उलटं फाडतं. एक्स-रेत हाड स्वच्छ दिसतं, दुर्बिणीने बरेचदा काढता येतं, पण अन्ननलिकेच्या भिंतीचा रक्तपुरवठा दाबला गेलेला असतो म्हणून तास मोलाचे असतात. सकाळपर्यंत वाट बघू, हा विचार इथे महागात पडतो.

जठरात पोचलेल्या हाडाची चिंता त्यामानाने कमी. कुत्र्याच्या जठरातलं आम्ल तीव्र असतं आणि कच्च्या हाडाचे लहान तुकडे त्यात हळूहळू विरघळतात. मात्र हाड जास्त झालं तर मोठ्या आतड्यात त्याची खडूसारखी लगदी साचते. दुसऱ्या दिवशी अंगणात पांढरी, कोरडी, हात लावताच भुगा होणारी विष्ठा दिसली की मात्रा जास्त झाली असं समजावं. कुत्रं कुंथत असूनही काहीच बाहेर पडत नसेल, तर एनिमाची वेळ आलेली असते.

नळीतल्या मगजाबद्दल थोडक्यात. प्रौढ जनावराच्या लांब हाडातला मगज म्हणजे बहुतांश चरबी. आपण नळी चोखतो, आपल्याला पचते. सवय नसलेल्या कुत्र्याला एकाच बैठकीत एवढी चरबी मिळाली तर जुलाब लागतात, आणि ज्याला आधी स्वादुपिंडाचा दाह होऊन गेला आहे त्याला तो पुन्हा होऊ शकतो. तसंच करवतीने आडव्या कापलेल्या नळीच्या चकत्याही टाळाव्यात. मगज चाटता चाटता कुत्रं ती चकती खालच्या जबड्यावर सुळ्यांच्या मागे सरकवून घेतं, आणि मग ती निघत नाही. भूल देऊन कापावी लागते. हसू येतं, पण कुत्र्याला येत नाही.

तर मग कोणतं, किती, कसं

माझं मत सांगतो. हाड हे पोषण म्हणून देऊ नये. तोंडाला आणि डोक्याला काम म्हणून द्यायचं असेल तर द्यावं. समतोल आहार मिळणाऱ्या कुत्र्याला हाडातल्या कॅल्शियमची गरज नसते. ज्या घरांत कुत्र्याला नुसतं मांस-भात देतात तिथे कॅल्शियम खरंच कमी पडतं, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. पण त्याचा उपाय पशुवैद्याने मोजून दिलेली पूड हा आहे. अंदाजाने दिलेली हाडं वाढत्या पिल्लाला उलटी बाधतात. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींची पिल्लं पहिले काही महिने जादा कॅल्शियम आतड्यातच अडवू शकत नाहीत. ते शरीरात जातं आणि वाढणाऱ्या सांध्यांची घडण बिघडवतं. हाडाच्या सुपात भरपूर कॅल्शियम असतं ही समजूतही चुकीची आहे. सुपात उतरतं ते जिलेटिन. खनिज हाडातच राहतं.

द्यायचं ठरलं तर म्हशीचा किंवा बैलाचा गुडघ्याकडचा अखंड सांधा, कच्चा, कुत्र्याच्या थोबाडापेक्षा मोठा. खाटकाला ‘तोडू नको, अख्खा दे, चरबी काढ’ असं सांगावं लागतं, नाहीतर तो सवयीने सत्तूर मारून चार तुकडे करतो आणि तिथेच धारदार कडा तयार होतात. पुरेसा मोठा की नाही हे ओळखायची खूण सोपी : दोन्ही टोकं एकाच वेळी तोंडात जाता कामा नयेत. आधी रोजचं जेवण द्यावं. भुकेलं कुत्रं चघळत नाही, गिळतं.

गॅलरीत जुनं गोणपाट टाकावं, कुत्र्याला तिथे बसवावं आणि स्वतः मोडा घेऊन समोर बसावं. पहिली पाच मिनिटं ते वरचं मांस आणि चिकट आवरण दातांनी सोलतं. पुढचे दात, मान आणि पंजे सगळे कामाला लागतात, आणि दातांना जो फायदा व्हायचा तो मुख्यतः इथेच होतो. नंतर हाड दाढेखाली जातं, आवाज बदलतो. सोलताना चरचर ऐकू येते. हाड फुटायला लागलं की ‘कट्’ असा आवाज येतो. तो आला की बैठक संपवायची. तसंही पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. हाड हिसकावून घेऊ नये. गरीब कुत्रंही हाडावर गुरगुरतं, आणि हिसकावलं की पुढच्या वेळी चावतं. उकडलेल्या चिकनचा तुकडा दोन पावलं लांब टाकावा, ते उठलं की हाड उचलावं. घरात दोन कुत्री असतील तर दोन खोल्या, दोन हाडं. लहान मूल त्या वेळी दुसरीकडे.

हाड उरलं तर थंड देशांत ते फ्रीजमध्ये ठेवून तीनचार दिवस वापरतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत आणि पावसाळ्यात तो मोह टाळावा, उचललेलं हाड थेट कचऱ्यात. कच्च्या मांसावर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जंतू असतात आणि डीप फ्रीजरने ते मरत नाहीत, फक्त झोपतात. कुत्र्याला बहुधा काही होत नाही. ते धडधाकट राहून विष्ठेतून जंतू पसरवत राहतं, आणि मग आजारी पडतं ते घरातलं तान्हं बाळ किंवा केमोथेरपी घेणारी आजी. अशा घरात कच्चं हाड आणूच नये, इथे माझा सौदा थांबतो. एरवी गोणपाट उन्हात, फरशी साबणाने, हात दोनदा. खाटकाने प्रेमाने घातलेला फोपशाचा किंवा काळजाचा कच्चा तुकडा मात्र नको. त्यातल्या हायडॅटिडच्या गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी होतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की त्यांतून निघालेल्या अळ्या यकृतापर्यंत पोचतात.

काही कुत्र्यांना कोणतंच हाड नको. जे पोळी न चावता गिळतं ते हाडही गिळणार. आधी एखादा दात तुटलेला, पोटाची शस्त्रक्रिया झालेली, स्वादुपिंडाचा आजार असलेली, आणि साधारण सात महिन्यांच्या आतली, म्हणजे पक्के दात अजून पुरते न बसलेली. पग आणि बुलडॉगसारखी चपट्या नाकाची कुत्री मला या कामासाठी कधीच पटली नाहीत. त्यांना श्वास घेताना आधीच कष्ट पडतात. या सगळ्यांसाठी दाबलं की दबणारं जाड रबरी खेळणं, आत थोडा दहीभात भरून फ्रीजरमध्ये गोठवलेलं. त्यावर कुत्रं अर्धा तास सहज खर्च करतं. दातांसाठी आठवड्यातून तीनचारदा कुत्र्याच्या पेस्टने ब्रश. माणसांची पेस्ट नको, ती त्याच्या पोटात जाते.

हाड दिलेल्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस कुत्र्याकडे जरा जास्त लक्ष असू द्या : ओकारी, पोट कडक होणं, कुंथणं, काळी किंवा रक्ताळलेली विष्ठा, तोंडाला पंजा घासणं. यातलं काही दिसलं तर काय दिलं होतं, केवढं होतं, कच्चं की शिजलेलं, हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. आणि कपाळावर आठ्या पाडतील म्हणून लपवू नका.

आता राहिली ताटातली हाडं. विचारपूर्वक आणलेल्या सांध्यापेक्षा मला त्यांचीच भीती जास्त वाटते, कारण ती कुणी देत नाही. ती कचऱ्याच्या डब्यातून मिळवली जातात. रविवारी जेवणं आटोपली की हाडं जुन्या दुधाच्या पिशवीत भरून तिला घट्ट गाठ मारा, डबा ओट्याखाली न ठेवता कुत्र्याची उडी पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा, आणि सकाळी ती पिशवी घंटागाडीतच टाका. गेटाबाहेरच्या कुत्र्यांना दया म्हणून कोंबडीची हाडं घालत असाल तर तीही थांबवा. त्यांचीही अन्ननलिका तेवढीच अरुंद असते, आणि त्यांना रात्री दोन वाजता दवाखान्यात नेणारं कुणी नसतं.